नैरोबीची हत्तीच्या पिल्लांची नर्सरी, नक्की बघा
नैरोबीला जाणार असाल तर अनाथ हत्तीच्या पिल्लांना वाढवणाऱ्या शेल्ड्रिक ट्रस्टची नर्सरी अजिबात चुकवू नका, फक्त बुकिंग आधीच करा, सकाळी ११ ते १२ एकच तास असतो आणि तो खरंच कमी पडतो. पिल्लं ओळीने पळत येतात, भलीमोठी दुधाची बाटली घटाघटा संपवतात आणि लगेच लाल मातीत लोळण! ट्रस्ट सुरू करणाऱ्या डॅफ्नी शेल्ड्रिक बाईंनी कित्येक वर्षं प्रयोग करून हे दूध जमवलं, गाईच्या दुधातलं फॅट पिल्लांना पचेना म्हणून नारळाचं वापरलं. २०१८ मध्ये त्या गेल्या, पण रात्री पिल्लाजवळ माणूस झोपतोच, तोही आलटून पालटून, एकाचाच लळा लागू नये म्हणून. केवढा विचार केलाय बाईंनी! गर्दी असते, लवकर जाऊन दोरीजवळची जागा धरा.