पिकअपमागे ट्रेलर की फ्लॅटबेड?

कोकणात बंद पडलेली मोटार कोल्हापूरला आणायची आहे. आपल्या हलक्या पिकअपमागे ट्रेलर जोडायचा, की फ्लॅटबेड, म्हणजे मोटार पाठीवर घेऊन जाणारा सपाट ट्रक, भाड्यानं बोलवायचा?

ट्रेलरचा हिशेब वजनापासून सुरू होतो. मोटार 900 किलो, ट्रेलर 600 किलो, म्हणजे मागं दीड टन. पिकअप किती माल वाहते आणि किती ओढते हे दोन वेगळे आकडे आहेत. कंपनीच्या पुस्तिकेत दुसरा आकडा नसेल तर विषय तिथंच संपवा. या वजनाचा 10 ते 15 टक्के भार, म्हणजे इथं 150 ते 225 किलो, पिकअपच्या हुकावर यायला हवा. तो कमी पडला की वेगात ट्रेलर डावीउजवीकडं झुलू लागतो. अशा वेळी पिकअपचा ब्रेक करकचून दाबू नका. स्टिअरिंग सरळ धरा, अॅक्सिलरेटर सोडा. हुकावर पुरेसा भार यावा म्हणूनच इंजिन पुढं असलेली मोटार पुढं तोंड करून चढवायची, चारही चाकं पट्ट्यांनी आवळायची, सुरक्षा साखळ्या हुकाखालून फुलीत अडकवायच्या. थोडं अंतर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा ताणायचे. हे थांबणं बहुतेक जण टाळतात, तेच फार वाईट. नोंदणी ट्रेलरचीही लागते.

फ्लॅटबेडला जोडच नाही, त्यामुळं वळणावर मागचा भाग दुमडत नाही. भाडं जास्त, पट्टे तिथंही तपासायचे.

कोल्हापूरजवळच शिरोलीहून गोकुळ शिरगावला महामार्गानं जायचं असेल तर स्वतःचे ब्रेक असलेला ट्रेलर मला चालेल. कोकणातून करूळ घाट चढून गगनबावड्याला यायचं असेल तर मी फ्लॅटबेडच सांगेन.