भाजल्यावर मध लावावा की मलम? घरच्या माणसासाठी तुलना

पोळ्याच्या दिवशी पुरणाची डाळ येळताना माझ्या धाकट्या जावेच्या हातावर उकळता कट सांडला. मनगटाच्या वरपासून तळहाताएवढा भाग लालबुंद झाला, दोन टपोरे फोड आले. सासूबाईंनी फडताळातली मधाची बाटली काढली आणि वरून धुतलेल्या धोतराची पट्टी बांधली. मी तालुक्याच्या दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत काम करते. रात्रपाळी संपवून सकाळी घरी आले, तर जाऊ खाटेवर बसून पट्टीवरच्या मुंग्या झटकत होती. मध रात्रभर पाझरून चादरीला लागला होता. सलाईननं जखम धुतली तेव्हा फुटलेल्या फोडाच्या कडेला मेणाचे बारीक कण आणि माशीच्या पंखाचा तुकडा निघाला. मध शेतातल्या विहिरीच्या कपारीतला, मोहोळ पिळून गड्यानं आणून दिलेला. "मधानं आग शमते, बाई," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं म्हणणं निम्मं खरं होतं, म्हणून हे लिहायला बसले.

आधी पाण्याचं सांगते, कारण मध की मलम हा प्रश्न त्यानंतरचा आहे. भाजलेल्या जागेवर साध्या थंड पाण्याची धार वीस मिनिटं धरायची. भाजल्यापासून तीन तासांच्या आत धरली तरी उपयोग होतो. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यातलं काही नको. बांगड्या, अंगठी, मनगटातला दोरा सूज यायच्या आत उतरवा. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावात वीस मिनिटं धार सोडायला हात धजत नाही, हे मला कळतं. मग स्वच्छ घमेल्यात रांजणातलं पाणी घेऊन हात बुडवून ठेवा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात आधीच तापलेलं असतं, ते नको. हे पाणी मधानंही भरून निघत नाही आणि मलमानंही नाही.

आता मध. सुश्रुतसंहितेत जखमेसाठी मध आणि तूप सांगितलं आहे आणि आजच्या तपासणीतही मध टिकून आहे. मधात पाणी असतं जेमतेम १७-१८ टक्के, बाकी बहुतेक साखर. ती साखर जखमेतलं पाणी ओढून घेते आणि जंतूंना वाढू देत नाही. मध आम्लधर्मी असतो. शिवाय माश्यांनी त्यात सोडलेल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे), मध जखमेतल्या ओलाव्यानं पातळ झाला की थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहतं. हे विकर उष्णतेनं मरतं. म्हणून तापवून गाळलेला मध खायला ठीक असला, तरी जखमेवर त्याची निम्मी ताकद गेलेली असते.

मध आणि चांदीचा पांढरा मलम, म्हणजे सिल्व्हर सल्फाडायझिन, यांची समोरासमोर तुलना आपल्या शेजारच्या सोलापुरात झाली. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली १०४ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ५२ जणांना मध, ५२ जणांना चांदीचा मलम. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटातल्या फक्त ७ टक्के. फरक एवढा प्रचंड आहे की मी एकट्या या आकड्यांवर विसंबणार नाही. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्यानं २०१५ साली मध विरुद्ध चांदीचा मलम या तुलनेचे पुरावे कमकुवत ठरवले. मात्र त्याच आढाव्यानं दुसरी गोष्ट ठामपणे सांगितली: वरवरच्या, फोड येणाऱ्या भाजण्यात नेहमीच्या साध्या पट्ट्यांपेक्षा मधानं जखम चार-पाच दिवस लवकर भरते. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला चार-पाच दिवस म्हणजे आठवड्याची मजुरी.

चांदीचा मलम सरकारी दवाखान्यात मिळतो, प्रत्येक मेडिकलमध्ये मिळतो, स्वस्त आहे. मोठ्या भाजण्यात जंतूंना आवर घालायला डॉक्टर आजही तो वापरतात. पण छोट्या जखमेवर तो माझा पहिला पर्याय नाही. पट्टी रोज बदलावी लागते आणि जुना मलम पुसताना पेशंट कळवळतो. जखमेवर पांढरट थर बसतो, त्यामुळे खाली भरत आलंय की चिघळतंय ते दिसत नाही. नवी कातडी यायलाही त्यानं उशीर होतो. ज्यांना सल्फाच्या औषधांची अॅलर्जी आहे त्यांना आणि नवजात बाळांना तो लावत नाहीत.

तिसरा पर्याय साधा आहे, पॅराफिनची जाळीदार पट्टी. जंतू मारत नाही, पण चिकटत नाही, काढताना नवी कातडी उचकटत नाही. स्वच्छ, छोट्या जखमेला बहुतेक वेळा एवढं पुरतं. जावेला मी हीच लावली. वैद्यकीय मध हाताशी असता तर तो लावला असता.

वैद्यकीय मध आणि बाटलीतला मध यांतला फरक इथेच येतो. वैद्यकीय मध गाळलेला असतो आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, कारण कच्च्या मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि ते घरच्या गरम करण्यानं मरत नाहीत. किरणांनी बीजाणू मरतात आणि विकर शाबूत राहतं. हा मध ट्यूबमध्ये किंवा मध भरलेल्या जाळीच्या रूपात मिळतो. तालुक्याला सहसा मिळत नाही, छत्रपती संभाजीनगर किंवा लातूरहून मागवावा लागतो, आणि महाग पडतो. सुरुवातीला झोंबतो, काहींना बराच झोंबतो. वरून शोषून घेणारी जाड पट्टी नसेल तर पाझरतो आणि मुंग्या येतात. मधमाशीच्या किंवा मधाच्या अॅलर्जीच्या माणसाला लावू नये.

दुकानातल्या बाटलीचं काय? २०२० साली सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट (सीएसई) या दिल्लीच्या संस्थेनं मधाचे २२ नमुने तपासले, त्यातले फक्त पाच सगळ्या चाचण्यांत उतरले. बाकी साखरेच्या पाकाची भेसळ. पाण्यात थेंब सोडून पाहणं, काडी पेटवून पाहणं, यानं असा पाक ओळखू येत नाही. आणि आठवडी बाजारात बादलीतून विकला जाणारा आग्या मोहोळाचा मध अस्सल असला, तरी त्यात पराग, मेण, अळ्या पिळल्या गेलेल्या असतात. तो भाकरीबरोबर खा, उघड्या जखमेवर नको. वर्षाच्या आतल्या बाळाला तर त्याच बीजाणूंमुळे मध चाटवायचाही नसतो.

मेण आणि प्रोपोलिस, म्हणजे माश्या पोळ्याच्या फटी बुजवतात ती राळ, यांवर मी फार वेळ घालवणार नाही. प्रोपोलिस जंतू मारतं, पण भाजण्यावरचा पुरावा मधाइतका नाही आणि त्यानं अंगावर पुरळ उठणारी माणसं बरीच. मेणाचं मलम भेगांना छान, ताज्या भाजण्याला नको.

आणि खोल भाजलं असेल, कातडी पांढरी किंवा काळी चामड्यासारखी झाली असेल, टोचलं तरी कळत नसेल, तर ही सगळी तुलना बाजूला ठेवा. मधाचा पुरस्कार करणाऱ्या याच डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९९ साली दाखवलं की मध्यम प्रमाणातल्या भाजण्यात जळालेली कातडी लवकर काढून नवी लावणं मधाच्या पट्टीपेक्षा सरस ठरतं. चेहरा, पंजा, पाऊल, सांधा, जननेंद्रिय यांवर भाजलं, विजेनं भाजलं, गुऱ्हाळात काहिलीतला रस उडाला, लहान मूल भाजलं, तर घरी पट्टी न करता थेट मोठ्या दवाखान्यात न्या. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का ते तिथे सांगा.

घरी सांभाळत असाल तर दोन आठवडे हा हिशेब धरा. तोवर मिटली नाही, किंवा आधीच पू, वास, ताप आला, तर सर्जनला दाखवा. जावेची जखम तेराव्या दिवशी मिटली. कातडी गुलाबी होती, म्हणून पुढे सहा महिने शेतात जाताना ती जुन्या पायमोज्याची बाही करून तो हात झाकून घ्यायची, आपलं ऊन नव्या कातडीवर काळा डाग पाडतं म्हणून.