एकटीने फिरायला घेतलेली 38 लिटरची बॅकपॅक, दीड वर्ष वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकते, ही बॅग मी ट्रेकिंगसाठी घेतलेली नाही आणि फॅमिली ट्रिपसाठी तर नाहीच नाही, एकटीने फिरायचं म्हणून घेतली, दीड वर्षात सात ट्रिप झाल्या आणि सातही एकटीने, त्यामुळे पुढचं सगळं त्याच हिशोबाने वाचा. कंपनीचं नाव टाकत नाहीये. याच मापाच्या, अशाच पुढून सूटकेससारख्या पूर्ण उघडणाऱ्या बॅगा बऱ्याच जणांच्या आहेत, आणि मला जे आवडलं-खटकलं ते त्यातल्या बहुतेकींना लागू होईल.

पहिला मुद्दा टॉयलेटचा. हसू नका. बॅगांचे एवढे रिव्ह्यू वाचले मी, लिटर असतात, कापड असतं, कप्पे मोजलेले असतात, हे कोणी लिहीतच नाही. सोबत कोणी असलं की "बघ गं जरा बॅगेकडे" म्हणून आपण सुटतो. एकटं असलं की ते वाक्यच गेलं. स्टेशन असो नाहीतर एअरपोर्ट, बॅग तुमच्यासोबत आत येणार, आणि खालची ओली फरशी बघून तुम्ही ती खाली ठेवणार नाही. माझी आधीची 60 लिटरची होती, ती पाठीवर घेऊन आत शिरले की दारच लागायचं नाही. बाहेर ठेवायची हिंमत नाही, शिवाय बेवारस बॅग म्हणून सिक्युरिटीवाले घेऊन जातील ते वेगळंच. मग मी पाणी कमी प्यायला लागले (अक्कल बघा) आणि दोन दिवस डोकं धरून बसले. ही 38 ची आत येते, दार लागतं, आणि वरच्या हँडलचा लूप दारामागच्या हुकात अडकतो. हुक असला तर. एवढ्या एका गोष्टीसाठी माझ्याकडून एक अख्खा स्टार.

माप 55×35×20 सेंटीमीटर. गुणाकार केलात तर 38.5 लिटर येतं, म्हणजे लिटरच्या बाबतीत फसवणूक नाही. बऱ्याच एअरलाइन्सच्या केबिनच्या मापात बसते. घोळ आहे तो वजनाचा. कितीतरी ठिकाणी केबिनमध्ये 7 किलोच चालतं, रिकामी बॅगच 1.4 किलोची, राहिले 5.6. आणि इथे एक गोष्ट मला पहिल्या ट्रिपला कळली, एकट्याने फिरलं म्हणून सामान निम्मं होत नाही. दोघं असलात की एकाचा चार्जर, एकाची टूथपेस्ट, औषधांची एकच पिशवी, एक छत्री, असं वाटून जातं. एकटं असलं की अख्खा संसार तुमच्याच पाठीवर.

1889 मध्ये नेली ब्लाय नावाची अमेरिकन पत्रकार एकटी जगप्रदक्षिणेला निघाली आणि 72 दिवसांत परत आली, तेव्हा तिच्याकडे एकच हँडबॅग होती. त्यात कोल्ड क्रीमची एक बरणी होती, ती नेमकी अशा जागी यायची की बॅगच बंद व्हायची नाही, आणि त्या बरणीवर तिने नंतर चांगलाच वैताग काढलाय. मला फार बरं वाटलं हे वाचून. आज असती तर केबिनमध्ये द्रव किंवा क्रीम 100 मिलीपेक्षा मोठ्या डब्यात न्यायचं नाही, या 2006 पासून आलेल्या आणि अजून बऱ्याच ठिकाणी असलेल्या नियमात ती बरणी सिक्युरिटीलाच गेली असती म्हणा.

आता पाठीवर कशी बसते ते. अशा बॅगेला आपली उंची नाही, पाठीची लांबी बघायची असते, मान खाली घातली की मानेच्या तळाशी जे हाड टोचतं तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत. आणि हे माप स्वतःचं स्वतःला घेता येत नाही. म्हणजे एकटीने जायच्या ट्रिपचं पहिलं काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं. मी दोरीला गाठ मारून, आरशाकडे पाठ करून बराच वेळ कसरत केली, तीनदा तीन मापं आली, शेवटी शेजारच्या काकूंना हाक मारली. "एकटीच जाणार?" हे त्यांनी टेप धरूनच विचारलं, ते ओघाने आलंच. पण हिप बेल्ट एकदा नीट बसवला, म्हणजे पट्ट्याचा मधला भाग बरोबर कमरेच्या हाडावर, की ओझं खांद्यावरून उतरून कमरेवर येतं आणि फरक जबरदस्त पडतो. बॅग चढवायची पद्धतही शिकून घ्या, जमिनीवरून एकदम पाठीवर झोकायची नाही, आधी मांडीवर टेकवायची, एक हात पट्ट्यात, मग फिरवायची. मागून उचलून धरणारं कोणी नसतं.

ट्रॉली का नाही, असं मला नेहमी विचारतात. सूटकेसला चाकं लावायचं पेटंट अमेरिकेत 1972 मध्ये मिळालं, म्हणजे माणूस चंद्रावर आधी गेला आणि चाकांच्या बॅगा सर्रास नंतर दिसायला लागल्या, आणि चाकांनी एकटं फिरणाऱ्यांचे हमाल वाचवले हे अगदी मान्य. पण जिना आला की चाकं कामाची नाहीत. पाठीवर बॅग असली की दोन्ही हात मोकळे, एका हातात फोनवरचा नकाशा, दुसऱ्यात तिकीट, आणि कोणी उगाच मागे लागलं तर भरभर चालता येतं. हे शेवटचं बायकांना जास्त समजवावं लागणार नाही.

आता तक्रारी.

एक, पॉवर बँकचा कप्पा. कंपनीने तो पाठीलगत, आतल्या बाजूला, सगळ्यात खाली दिलाय, फोटोत मस्त दिसतो. एकदा फ्लाइट फुल होती, गेटवर सांगितलं बॅग खाली कार्गोत जाईल. आता लिथियमच्या पॉवर बँका कार्गोत चालत नाहीत, केबिनमध्येच न्यायच्या, 100 वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, माझी 20,000 एमएएचची म्हणजे साधारण 74 ची, तेव्हा ती काढणं भाग. मी तिथेच फरशीवर बसले, बॅग पुस्तकासारखी उघडली, अर्ध्या विमानासमोर माझे कपडे, मागे रांग, एका हातात पासपोर्ट तो ठेवायचा कुठे म्हणून दातात धरला, आणि पॉवर बँक हाताला लागेना. मागच्या एका मुलाने न विचारता माझं जॅकेट आणि बाटली धरली आणि म्हणाला, आरामात. त्या दिवसापासून पॉवर बँक, औषधं, पासपोर्ट एका छोट्या पिशवीत आणि ती पिशवी सगळ्यात वरच्या कप्प्यात, बॅग गेली तर पिशवी उचलायची आणि चालायला लागायचं. कंपनीने हे मुळातच करायला हवं होतं.

दोन, रेन कव्हर. ते तळाच्या खिशात आहे. म्हणजे पाऊस आला की बॅग उतरवा, चिखलात ठेवा, खालची चेन उघडा, तोपर्यंत बॅग भिजली. सोबत माणूस असेल तर तो मागून काढून चढवतो, डिझाइन करणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक तो दुसरा माणूस असावा. मी आता ढग दिसले की आधीच चढवून निघते.

तीन, चेन. दोन चेनची टोकं एकत्र आणून कुलूप लावता येतं, हे चांगलं. पण या प्लास्टिकच्या दातांच्या चेनमध्ये साधं बॉलपेन खुपसलं तरी त्या मधून उघडतात, आणि नंतर कुलूप लावलेली टोकं एकदा इकडून तिकडे फिरवली की परत बंद, कळतही नाही कोणी उघडली होती ते. तेव्हा कुलूप हे प्रामाणिक माणसासाठी. डॉर्ममध्ये झोपताना मी पैसे आणि कागद उशीच्या खोळीत घालते, बॅगेचा एक पट्टा कॉटच्या पायाला अडकवते, आणि मग झोप लागते. पहिल्या ट्रिपला लागली नव्हती, तीन रात्री.

चार, अस्तर चिकट व्हायला लागलंय. आतला पीयूचा (पॉलियुरेथेन, पाणी अडवणारं प्लास्टिक) थर दमट हवेत असा खराब होतो, बंद कपाटात ठेवलेली बॅग तर लवकरच. दीड वर्षात व्हायला नको होतं तरी.

छातीच्या पट्ट्याच्या बकलला शिट्टी आहे. आल्प्समध्ये मदतीसाठी मिनिटाला 6 वेळा इशारा द्यायची पद्धत आहे, मग मिनिटभर थांबायचं, उत्तर मिनिटाला 3 वेळा येतं, हे मी पाठ करून ठेवलंय. पण ही शिट्टी घरात वाजवून बघितली तर शेजारच्या खोलीत कोणी मान वर केली नाही. वेगळी शिट्टी घ्या. आणि तेच बकल पाचव्या ट्रिपला तुटलं, चालत्या ट्रेनमध्ये. समोर एक आजोबा होते, त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना नाही, त्यांनी पट्ट्याची दोन टोकं माझ्या हातातून घेतली, एक गाठ मारली, सोडून दाखवली, परत मारली, मग माझ्याकडून चार वेळा करून घेतली आणि चुकले की बोटावर टपली. तो सगळा प्रवास आम्ही गाठी मारण्यात काढला. ग्रुपसोबत असते तर आजोबांकडे बघितलंसुद्धा नसतं मी, आपापसातल्या गप्पांतच स्टेशन आलं असतं. बकलचं म्हणाल तर कंपनीने बदलून पाठवलं, तीन आठवड्यांनी, दोन मेल केल्यावर.

सगळ्यात वाईट दिवस सांगते म्हणजे पारडं समान होईल. तिसऱ्या ट्रिपला ताप भरला, अनोळखी गाव, छोटी खोली, दीड दिवस मी फक्त छताकडे बघितलं. उठून पाणी आणायला कोणी नाही, आणि घरी फोन करून सांगावं तर ते उगाच घाबरणार म्हणून तेही नाही. त्या वेळी ही बॅग पलंगाला टेकवून पूर्ण उघडी ठेवली होती, पडल्या पडल्या हात घातला की थर्मामीटर, गोळ्या, ओआरएस सगळं समोर, वरून उघडणाऱ्या बॅगेत ते उपसत बसायची ताकद मला नव्हती. आतलं अस्तर फिकट राखाडी आहे त्यामुळे अंधारातही वस्तू दिसतात, काळ्या अस्तराची बॅग कधीच घेऊ नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिसेप्शनवरच्या मुलीने दार वाजवून विचारलं, तुम्ही खाली आलाच नाहीत, बऱ्या आहात ना. मला रडू आलं, तापामुळेच असेल.

बाकी हिचे सटरफटर उपयोग बरेच. हॉटेलात "अजून कोणी येणार आहे का?" असं वेटरने विचारलं की समोरच्या खुर्चीवर हिला बसवते. फोटोसाठी फोन हिला टेकवून टायमर लावते, फोटोत मी नेहमी कमरेएवढ्या उंचीवरून काढलेली दिसते, चालतंय. आणि सहाव्या ट्रिपला बसमधून जाताना खिडकीतून एक तळं दिसलं, मी बेल वाजवली आणि उतरले. बस्स, उतरले. कोणाला विचारायचं नाही, पुढच्या बसचं काय, बुकिंगचं काय यावर अर्धा तास मीटिंग नाही, डिकीतून सामान काढून घ्यायचं नाही कारण होतं ते सगळं मांडीवरच होतं. तीन तास काठावर बसले. 60 लिटरवाली असती तर मान वळवून बघितलं असतं आणि पुढे गेले असते.

रेटिंग 5 पैकी साडेतीन. अर्धा रेन कव्हरचा कापला, अर्धा अस्तराचा, अर्धा त्या पॉवर बँकच्या कप्प्याचा. महिनाभराच्या ट्रिपलाही एवढी पुरते, चार दिवसांचे कपडे घ्यायचे आणि धूत राहायचं. रंग मात्र काळा घेऊ नका. मी घेतलाय, आणि बेल्टवर येणारी प्रत्येक तिसरी बॅग मला माझीच वाटते, शेवटी हँडलला नारिंगी चिंधी बांधली.