मेश की टेक्सटाइल? पुण्याच्या दोन्ही बाजूंच्या उन्हाळ्यासाठी एकच जॅकेट घ्यायचं असेल तर

मे महिन्यात पुण्यातून बाइक बाहेर काढली की दिशेप्रमाणे उन्हाळा बदलतो. सोलापूर रस्त्याला हडपसर, लोणी, यवत मागे पडून पाटसच्या पुढे गेलं की कोरडं, भाजणारं ऊन. चांदणी चौकातून पौड, मुळशी करत ताम्हिणी उतरलं की पारा तिकडच्यापेक्षा पाच-सात अंशांनी कमीच असतो, पण अंगावरचा घाम हटत नाही. माझी थोरली बहीण बार्शीला आणि सासुरवाडी कोकणात म्हसळ्याकडे, त्यामुळे गेली नऊ वर्षं दर उन्हाळ्यात दोन्ही रस्ते होतात. पहिली पाच वर्षं व्हेंट (हवा आत घेणाऱ्या, चेनने उघडझाप होणाऱ्या फटी) असलेल्या टेक्सटाइल म्हणजे घट्ट विणीच्या कापडाच्या जॅकेटमध्ये, पुढची चार मेश म्हणजे जाळीदार जॅकेटमध्ये.

परवा बार्शीहून भाच्याचा फोन आला. "मामा, नवीन गाडी घेतली, आता जॅकेट घ्यायचंय. एकच घेणार आहे. तुम्ही दोन्ही वापरलीत, कुठलं घेऊ?" फोनवर त्याला नीट सांगता आलं नाही, कारण उत्तर थोडं लांबतं. अशा विचारात असलेल्या सगळ्यांसाठीच ते इथे लिहितो आहे.

जॅकेट घालायचं हे तुमचं ठरलेलं आहे असं मी धरून चालतो. पुण्यात सुती सनकोट आणि स्कार्फ घालून गाडी चालवणारे लाखभर लोक आहेत आणि उन्हापुरता तो पोशाख फार शहाणपणाचा आहे. पडल्यावर मात्र त्याचा उपयोग नाही, म्हणून तो या तुलनेत धरलेला नाही.

आधी सोलापूर रस्ता, कारण तिथे टेक्सटाइलची बाजू खरोखर मजबूत आहे. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून गार असेल तोवर नुसता वारा लागला तरी बरं वाटतं. हवा ४० च्या वर गेली की तोच वारा अंगात उष्णता घालतो, आणि मग थंडावा देणारी एकच गोष्ट उरते: घाम वाळणं. अंगावर वाळलेला एक लिटर घाम जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम नुसता गळून पडला तर काहीच नेत नाही. इंदापूर-टेंभुर्णीच्या कोरड्या हवेत घाम वाळायला काहीच अडचण नसते, उलट तो फार लवकर वाळतो. मेश घालून ऐंशीच्या वेगाने चाललं की छातीवर लोहाराचा भाता सोडल्यासारखं वाटतं. घाम फुटलेला कळतही नाही, फक्त ओठ सुकतात आणि डोकं जड होतं.

टेक्सटाइलमध्ये तिथे एक छान युक्ती जमायची. भिगवणला थांबून आतला सुती शर्ट पूर्ण भिजवायचा, गळ्याला ओला पंचा गुंडाळायचा, जॅकेटची चेन वरपर्यंत लावायची आणि फक्त दंडावरचे व्हेंट उघडे ठेवायचे. हवा थोडी थोडी आत येते, पाणी हळूहळू वाळतं आणि पाऊण तास तरी माठाजवळ बसल्यासारखं वाटतं. मेशखाली तोच भिजवलेला शर्ट वीस मिनिटांत कडक वाळतो. हे आकडे माझ्या अंगावरचे, माझ्या वेगाचे. तुमचे थोडे वेगळे येतील. पण फरक एवढा ठळक आहे की तो नाकारता येणार नाही. फक्त बार्शी, सोलापूर, लातूर याच बाजूला जाणं-येणं असेल तर टेक्सटाइल घ्या, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

शहरातलं गणित उलटं आहे. टेक्सटाइलचे व्हेंट पन्नासच्या पुढे काम करतात. हिंजवडीच्या किंवा नवले पुलाच्या गर्दीत वेग पंधरावर आला की चेन असलेल्या त्या चार फटींतून काहीही आत येत नाही. २०१९ च्या एप्रिलअखेरीस शिवाजीनगरच्या वेधशाळेत पारा ४३ पर्यंत गेला होता. त्या आठवड्यात मी टेक्सटाइल घालूनच ऑफिसला जात होतो आणि विद्यापीठ चौकातल्या एकेका सिग्नलला छातीची चेन नाभीपर्यंत उघडत होतो. चेन उघडी ठेवून गाडी चालवायची सवय तिथेच लागली, आणि ती वाईट सवय आहे. पडल्यावर उघडं जॅकेट अंगावर सरकतं आणि खांद्या-कोपराचं आर्मर (मार झेलणाऱ्या आतल्या गाद्या) जागेवर राहत नाही. मेशमध्ये सिग्नलला फार गार वाटतं असं नाही. लिक्विड कूल्ड, म्हणजे रेडिएटरने इंजिन थंड होणारी गाडी असेल तर पंख्याची गरम हवा मांड्यांवर येतच राहते, तिथे कुठलंच जॅकेट काही करत नाही. पण गाडी हलली की दहाव्या सेकंदाला वारा लागतो, आणि चेन उघडावीशी वाटत नाही.

आता ताम्हिणी. माझा निर्णय त्या रस्त्यावरच झाला.

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर. घाट उतरला की ही उंची जवळजवळ सगळी संपते. विळ्याच्या आसपास हवा एकदम जड होते, हेल्मेटच्या काचेच्या आत ओल धरायला लागते. तापमान ३४-३५, म्हणजे बार्शीच्या मानाने काहीच नाही. पण हवेत आधीच इतकं पाणी असतं की घामाला वाळायला वाव नसतो. कोरड्या मुलखात हवा मोजून आत घ्यायची असते, इथे मिळेल तेवढी हवी, कारण अंगाजवळची दमट हवा सतत हलत राहिली तरच थोडा घाम वाळतो. शर्ट भिजवण्याची युक्ती इथे अंगावर उलटते. ओला सुती शर्ट दिवसभर ओलाच राहतो आणि संध्याकाळी पाठीवर घामोळं.

एवढ्यानेही मी कदाचित टेक्सटाइल सोडलं नसतं. ते सुटलं बाहीच्या अस्तरामुळे. दुकानात याचा कधी विचारही मनात येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बऱ्याच टेक्सटाइल जॅकेटांना आतून एक पातळ अस्तर असतं. खांद्याला आणि मनगटाला शिवलेलं, मधे मोकळं. कोरड्या हाताने ते जाणवतही नाही. घामेजलेला हात बाहेर काढायला गेलं की अस्तर हाताला चिकटून अख्खं बाहेर येतं, बाही उलटी होते. ती सुलटी करायची म्हणजे आत हात घालून, कोपराच्या आर्मरच्या पुढे बोटं नेऊन, चिमटीत धरून मागे खेचायचं. एवढं करून पुन्हा घालायला गेलं की ओला हात अस्तराच्या घडीत अडकतो, बोटं मनगटापर्यंत पोचतच नाहीत. घाईत जोर लावला तर शिवण उसवते. माझी दोनदा उसवली. बार्शीच्या रस्त्यावर हे मला पाच वर्षांत एकदाही जाणवलं नव्हतं, कारण तिकडे हात कोरडे असतात. कोकणात दर थांब्याला हेच.

आणि माणूस काय करतो? जॅकेट काढायचं टाळतो. नंतर थांबायचंच टाळतो.

टेक्सटाइलच्या पाचव्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, आम्ही दोघं म्हसळ्याला निघालो होतो. पहाटे साडेपाचला निघायचं ठरलेलं, निघता निघता दहा वाजले. घाटात झाडी आहे, तोपर्यंत ठीक होतं. निजामपूरला एकदा थांबलो, पाणी प्यायलो, जॅकेट काढलं आणि परत घालण्यात माझी पाच-सात मिनिटं उन्हात गेली. माणगावच्या बाजारात महामार्गाची नेहमीची कोंडी. बायको मागून दोनदा म्हणाली, "अहो, रसवंती दिसतेय, थांबू या का?" मी म्हटलं, पुढे थांबू. खरं कारण एवढंच होतं की ते जॅकेट पुन्हा काढायची-घालायची माझी तयारी नव्हती. मोर्ब्याच्या पुढे एका साध्या वळणावर गाडी माझ्या अंदाजापेक्षा बरीच बाहेर गेली. समोरून काही आलं नाही. पण त्याच्या आधीची दोन वळणं मी कशी घेतली हे मला आठवेना. गाडी बाजूला घेतली, तेव्हा लक्षात आलं की सव्वा तास मी पाण्याचा घोट घेतलेला नाही, डोकं ठणकतंय आणि मळमळतंय. बायकोनेच जॅकेट ओढून काढलं, आंब्याच्या सावलीत बसवलं, मानेवर आणि काखेत पाणी ओतलं, जलसंजीवनीची पुडी पाण्यात कालवून थोडी थोडी पाजली. पाऊण तासाने मी पुन्हा माणसात आलो. (अशा वेळी माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर सावलीत बसून वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा.)

चूक माझी होती, जॅकेटची नव्हती, असं म्हणता येईल. उशिरा निघालो, थांबलो नाही. पण थांबणं ज्याच्यामुळे नकोसं होतं ते जॅकेट घामाच्या प्रदेशात धोक्याचं आहे, असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं. पुढच्या महिन्यात मेश घेतलं. त्याला बाहीत अस्तर नाही, आहे ती आतूनही जाळीच, आणि ती बाहेरच्या कापडाला जागोजाग टाचलेली. ओला हात सरळ आत जातो, सरळ बाहेर येतो. आता मी विळे, माणगाव, मोर्बा, साई असा प्रत्येक ठिकाणी थांबतो, जॅकेट काढून हँडलवर टाकतो, कोकम सरबत घेतो, दहा मिनिटं बसतो. मेशमधला वारा मला आवडतो हे खरंच, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे थांबणं.

पाठीवर पाण्याची पिशवी आणि तोंडाशी नळी लावली तर थांबायची गरज काय, असं एका मित्राने विचारलं. पिशवी माझ्याकडे आहे आणि सोलापूर रस्त्याला मी ती लावतो. कोकणात लावली की मेशच्या पाठीतून बाहेर जाणारी हवा नेमकी तिथेच अडते. शिवाय अंग निवायला जॅकेट काढून बसावंच लागतं, ते काम नळी करत नाही.

मेशच्या उणिवाही सांगायला हव्यात. घसरल्यावर जाळी घट्ट विणीच्या कापडापेक्षा लवकर फाटते, हे मान्य करूनच ते घ्यायचं. म्हणून खांदे, कोपर आणि दंडाची बाहेरची बाजू जाळीची नसून जाड कापडाची आहे ना ते बघा, जाळी छाती, पाठ आणि बाहीच्या आतल्या बाजूला असावी. आत ईएन १७०९२ चं (बाइकच्या संरक्षक कपड्यांच्या युरोपीय मानकाचं) लेबल असेल तर त्यावरचं अक्षर वाचा: तीन ए सर्वांत वरचं, मग दोन ए, मग एक ए. बरीचशी मेश जॅकेटं एक ए ची असतात. दोन ए मिळालं तर थोडे पैसे जास्त द्या. आर्मर लेव्हल दोनचं, म्हणजे लेव्हल एकपेक्षा जास्त मार झेलणारं असावं, जरा जाड असलं तरी. वळवाच्या पावसात मेश दोन मिनिटांत चिंब होतं, त्यावर रेनकोट हाच उपाय. आणि फार विरळ जाळीतून ऊन कातडीपर्यंत पोचतं, म्हणून आत पूर्ण बाह्यांचा पातळ टीशर्ट हवाच. कोकणात तो खेळाडू घालतात तसा झटपट वाळणारा, सोलापूरकडे सुती.

भाच्याला सोलापूर रस्ता जास्त लागणार, मग मी त्याला मेश कसं सुचवतो? कारण मेश बंद करता येतं. टेंभुर्णीच्या पुढे मी भिजवलेल्या शर्टावर एक बिनबाह्यांचं पातळ विंडचीटर घालतो आणि त्यावर मेश. छाती-पाठ झाकली जाते, वारा फक्त बाह्यांतून आत येतो. टेक्सटाइलमध्ये पाऊण तास टिकणारी ओल इथे अर्धा तास तरी टिकते. म्हणजे मेशचं कामचलाऊ टेक्सटाइल होतं. टेक्सटाइलचं मेश मात्र कशानेही होत नाही. अर्थात तो कोकणात कधी जाणारच नसेल, तर मी आधी म्हटलं तेच.

दुकानात जाताना एक करा. पाण्याची बाटली बरोबर न्या, दोन्ही हात खांद्यापर्यंत ओले करा आणि त्याच ओल्या हातांनी जॅकेट तीनदा घाला, तीनदा काढा. दुकानदार नको म्हणाला तर त्याला कारण सांगा, मला तरी कोणी अडवलं नाही. तिसऱ्या वेळी बाही उलटी झाली, तर ते जॅकेट तिथेच ठेवा, मग ते मेश असो की टेक्सटाइल.