थेम्स गोठायची तेव्हा : लंडनमधल्या एका वॉकबद्दल (५ पैकी ४ स्टार)

रत्नागिरीला मिरकरवाड्यात बर्फाच्या कारखान्यात मी ३१ वर्षं काढली. त्यामुळे नोव्हेंबरात हाऊन्स्लोला लेकीकडे असताना जावई म्हणाले, "बाबा, जुन्या कडक हिवाळ्यांवर एक वॉक आहे, येता का?" तेव्हा लगेच हो म्हटलं. माणशी १८ पौंड, दोन तास, आम्ही बाराजण. गाईडबाई सावकाश बोलतात, माझ्यासारख्याला इंग्रजी कळायला अडचण आली नाही.

सुरुवात सेंट मॅग्नस चर्चमध्ये. आत जुन्या लंडन ब्रिजची लांबलचक प्रतिकृती आहे. सगळे पुलावरची घरं-दुकानं बघत होते, बाईंनी बोट दाखवलं ते खाली. १९ अरुंद कमानी आणि खांबांभोवती एवढे रुंद ओटे, की पाण्याला वाट थोडकीच उरायची. पूल कसला, बंधाराच तो! वरच्या अंगाला पाणी संथ व्हायचं, वाहत आलेले बर्फाचे तुकडे कमानींत अडकायचे आणि एकमेकांना धरायचे. १८३१ साली नवा पूल झाला, जुना पाडला, पुढे काठ बांधून पात्र आवळलं आणि पाण्याला ओढ आली. १९६२-६३ चा हिवाळा म्हणजे साडेतीनशे वर्षांच्या नोंदींतला तिसरा थंड. तेव्हा वर ऑक्सफर्डला नदी गोठली, पण इथे शहरात पूर्वीसारखी बर्फावर जत्रा भरण्याजोगी नाही. थेम्स तेव्हा का गोठायची आणि आता का नाही, याचं निम्मं उत्तर या कमानींत आहे, हे बाईंनी आधीच सांगून टाकलं ते मला फार आवडलं.

मग पूल ओलांडून सदर्क ब्रिजखालच्या बोगद्यात. भिंतीवर करड्या पाटीच्या दगडात बर्फावरची जत्रा कोरली आहे. मी तिच्यावरून हात फिरवला, दगड बर्फासारखाच गार. १६८३-८४ मध्ये नदी साधारण दोन महिने गोठली होती. बर्फावर दुकानांच्या रांगा, छापखानासुद्धा; राजा दुसऱ्या चार्ल्सने तिथे आपल्या घरच्यांची नावं छापून घेतली. बर्फाची जाडी ११ इंच! बाकीच्यांनी नुसत्या माना हलवल्या. मला मात्र आमची टाकी आठवली. ११ इंची लादी उणे दहाच्या मिठाच्या पाण्यात जमायला दोन दिवस लागायचे, आणि तिथे पाण्याच्या डब्याला, म्हणजे कॅनला, चारी बाजूंनी गारवा. नदीला थंडी फक्त वरून आणि खालून पाणी वाहतं. केवढी थंडी आणि किती दिवस पडली असेल!

कारणांवर मात्र एक स्टार कापतोय. सूर्यावरचे डाग १६४५ ते १७१५ या काळात फार कमी दिसत, आणि डाग कमी म्हणजे सूर्याची ऊबही किंचित कमी, हे बाईंनी छान समजावलं. पण त्याच सूर्याखाली दोनच वर्षांनी, १६८५-८६ चा हिवाळा खूप उबदार गेला, ते सांगायला हवं होतं. एका हिवाळ्याचं गणित वाऱ्यावर जास्त असतं. आइसलँडजवळचा कमी दाब आणि अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांजवळचा जास्त दाब यांतला फरक घटला, की समुद्रावरून येणारं उबदार पश्चिमेचं वारं पडतं आणि पूर्वेकडून, थेट रशियाकडची थंडी आत शिरते. हे बाईंनी दोन मिनिटांत उरकलं.

आणि ब्लॅकफ्रायर्सला, जिथे १८१४ च्या शेवटच्या जत्रेत बर्फावरून हत्ती चालवला, तिथे बाईंनी त्या थंडीचं खापर इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीवर फोडलं. तांबोरा फुटला एप्रिल १८१५ मध्ये! त्याने १८१६ चा उन्हाळा बुडवला, १८१४ चा हिवाळा नाही. त्याआधी १८०९ च्या सुमारास एक मोठा स्फोट झाला होता. कुठे झाला ते आजही ठाऊक नाही, पण त्याच्या गंधकाच्या खुणा ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका दोन्हीकडच्या बर्फात सापडल्या. असा गंधक आकाशात पसरला की ऊन अडतं; ते दशकच गार गेलं. मी हे जावयांमार्फत सांगितलं, बाईंनी तिथेच वहीत लिहून घेतलं.

जरूर जा. कानटोपी आणि हातमोजे न्या, पुलावर वारं बोचतं. चर्चमध्ये दहा मिनिटं आधी पोचा आणि प्रतिकृतीपाशी वाकून कमानी खालून बघा.