‘कोर्स करा, पिस्तुलाचं लायसन्स मिळवा’ म्हणणाऱ्यापासून सावध

इंदूरमध्ये सध्या ॲक्शन पिस्तूल शूटिंग (पळत, जागा बदलत वेळेविरुद्ध नेम मारण्याचा खेळ) शिकवण्याच्या जाहिराती फिरतायत. त्यातल्या एकाने आम्हा रामबागेतल्या चौघांना प्रत्येकी ४२,००० रुपयांना बुडवलंय. पॅकेज असं: ट्रेनिंग, संघटनेचं आजीवन सदस्यत्व आणि स्पोर्ट्स कोट्यातून ९ एमएमचं लायसन्स. “भिया, कलेक्टोरेट में अपनी सेटिंग है.”

माणूस अडाणी असता तर लगेच पकडला गेला असता. पण आयपीएससी या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची स्थापना १९७६ साली अमेरिकेत झाली, ‘मायनर’ म्हणजे कमी ताकदीच्या काडतुसांच्या गटात लक्ष्याच्या मधल्या ‘अल्फा’ भागाला ५ गुण, त्याबाहेरच्या ‘चार्ली’ला ३, ‘डेल्टा’ला १, गुणांना सेकंदांनी भागलं की ‘हिट फॅक्टर’ म्हणजे स्कोअर, हे तो घडाघडा सांगायचा. आणि ते सगळं खरंच आहे. खऱ्या माहितीच्या आडून तो खोटा माल विकत होता.

‘रेंज’ म्हणजे खंडवा रोडकडचं भाड्याचं शेत. निळ्या पत्र्यांचं कुंपण, गोळी अडवायला मागे मातीचा बांधसुद्धा नाही. हातात प्लास्टिकचे छर्रे मारणारं एअरसॉफ्ट. पहिल्याच दिवशी आम्हाला पळत पळत मारायला लावलं, तेही ट्रिगरवर बोट ठेवून. या खेळात जागा बदलताना बोट ट्रिगर गार्डच्या आत राहिलं किंवा नळी सुरक्षित कोनाबाहेर गेली, तर खेळाडू अख्ख्या सामन्यातून बाद होतो. इथे कुणी टोकलंही नाही. आमच्यातल्या एकाचे मामा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत, महूला राहतात. ते एकदा बघायला आले आणि थोड्या वेळाने म्हणाले, “अरे, हा शिकवत नाहीये, नुसते व्हिडिओ काढतोय.”

मग कागद काढले. पावतीवर शिक्का मोठा, नोंदणी क्रमांक कुठेच नाही. राज्य संघटनेकडे चौकशी केली, तर सदस्य म्हणून आमची नावंच नव्हती. ‘एअर पिस्तूल परवाना शुल्क’ म्हणून वेगळे ६,५०० लावले होते. ४.५ मिमीच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअरगनला परवाना लागतच नाही! आणि ९ एमएम? ते प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे मनाई असलेल्या मापाचं हत्यार, तुम्हा-आम्हाला त्याचं लायसन्स असं मिळत नाही. जे मिळतं, त्यासाठीही रीतसर अर्ज, पोलिस पडताळणी आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांची सही लागते. क्लासच्या सर्टिफिकेटवर ते मिळत नाही.

पैसे परत मागितल्यावर आधी “फाइल भोपाळला अडकलीय”, मग “फी नॉन-रिफंडेबल आहे”, मग नंबर ब्लॉक. यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि पावत्या जोडून ठाण्यात अर्ज दिलाय. रोख दिलेल्या रकमेचा पुरावा नाही, तेव्हा रोख अजिबात देऊ नका.

नव्याने शिकायचंच असेल तर जिल्हा संघटनेशी जोडलेली रेंज शोधा आणि १० मीटर एअर पिस्तुलापासून सुरुवात करा. पिस्तूल विकत घ्यायची घाई नको, आधी क्लबचं वापरून बघा. मी आता तेच करतोय. उभं राहणं, पकड, रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबत बसणं. कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू, पण तिथे लायसन्सचं नाव कुणी काढलेलं नाही.

त्या गृहस्थाचं ऑफिस बंद आहे, जाहिरात मात्र नव्या नावाने चालू आहे, फोटो आमच्याच बॅचचे. निळ्या पत्र्यांसमोर पळणारी चार माणसं दिसली, तर तोच समजा.