पीआरओसी पॅकेज: वक्र चोख, दिशा मात्र तुम्हीच ठरवा
आर या सांख्यिकी भाषेतलं हे मोफत पॅकेज निदान चाचणीचा आरओसी वक्र काढायला उत्तम (कटऑफ, म्हणजे निदानाची सीमा, बदलली की चाचणी किती रुग्ण पकडते आणि किती निरोगींना चुकून रुग्ण ठरवते, याचा आलेख). वक्राखालच्या क्षेत्रफळाचा (१ म्हणजे अचूक चाचणी, ०.५ म्हणजे नाणेफेक) ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे अंदाजाची अनिश्चितता दाखवणारा पट्टा, डीलाँग या सांख्यिकी पद्धतीने लगेच मिळतो. त्याच रुग्णांवर केलेल्या दोन चाचण्यांची तुलनाही होते. 'डायरेक्शन', म्हणजे रुग्णांत चाचणीचं मूल्य जास्त असतं की कमी, हे मात्र हाताने द्या. 'ऑटो' ठेवलं तर पॅकेज दोन्ही गटांचे मध्यक पाहून दिशा ठरवतं आणि निरुपयोगी चाचणीही बहुधा ०.५ च्या वर दिसते. पुनर्नमुने (त्याच माहितीतून पुन्हापुन्हा नमुने) काढताना हा फुगवटा साचत जातो. 'बेस्ट' कटऑफ, वेगळं काही सांगितलं नाही तर, यूडेन निर्देशांकावर निघतो; हा निर्देशांक संवेदनशीलता (रुग्ण पकडण्याचं प्रमाण) आणि विशिष्टता (निरोगींना निरोगी ठरवण्याचं प्रमाण) यांना सारखंच वजन देतो, म्हणजे निसटलेला कर्करोग आणि फुकटची बायोप्सी एकाच तराजूत! पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू (चाचणी पॉझिटिव्ह आलेल्यांत खरे रुग्ण किती) पॅकेजमध्ये नमुन्यातल्या रुग्णांच्या प्रमाणावरूनच येते. संवेदनशीलता व विशिष्टता ९० टक्के धरली, तर निम्मे रुग्ण असलेल्या नमुन्यात ती ९० टक्के. १ टक्का रुग्ण असलेल्या लोकसंख्येत जेमतेम ८.